पाणी धर

माझे ऱ्हस्व-दीर्घ नेहमी चुकतात. शाळा आठवीतच सुटली, आणि भारदस्त शब्द मला सुचत नाहीत. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. आमचं जहाज दुरुस्तीसाठी ग्रीस देशातल्या एका लहान बंदरात अडकलं होतं, तेव्हा स्तामातिस नावाच्या म्हाताऱ्याने आम्हा खलाशांना डोंगरावर नेऊन ही हकिगत सांगितली. त्याने सांगितली तशी लिहितो.

त्या डोंगराच्या कुशीत एक झरा आहे. झऱ्याच्या तोंडाशी दगडी पन्हळ बसवली आहे आणि तिच्या काठावर बोटाएवढी खोच पडली आहे, तिच्यातूनच पाणी खाली पडतं. गावातली बाई पाणी भरायला आली की आधी त्या खोचेत बोट घालते, पाणी क्षणभर अडवते, आणि मगच भांडं लावते. तेवढा वेळ कोणी बोलत नाही. पुरुष असं करत नाहीत. त्यांना तो अधिकार नाही म्हणे.

फार पूर्वी हे गाव म्हणजे एक स्वतंत्र राज्यच होतं, असं सांगतात. राजा नव्हता. गावचे पुरुष डोंगराखालच्या चौकात बसून कायदे करत, न्यायनिवाडा करत, आणि राज्याची कामं चिठ्ठ्या टाकून वाटून घेत. कोळी असो की जमीनदार, चिठ्ठी निघाली की कामाला उभं राहायचं. याचा त्यांना फार अभिमान होता. बायकांना मात्र त्या चौकात तोंड उघडायची मुभा नव्हती.

खटल्यात बोलायला वेळ मिळे तो पाण्याने मोजून. बुडाशी भोक असलेला मातीचा हंडा सकाळी झऱ्यावर भरून आणत. बोलणारा उभा राहिला की भोक मोकळं करायचं. पाणी संपलं की बोलणं संपलं. साक्षीदाराला पुढे बोलवायचं असेल, तर मात्र बोलणाऱ्याने म्हणायचं, "पाणी धर!" मग हंड्यापाशी बसलेला माणूस भोकावर बोट ठेवी, आणि साक्ष होईपर्यंत पाणी थांबे. ते शब्द ऐकल्याशिवाय ज्याने बोट ठेवलं, त्याचं नागरिकत्व गेलं. पुन्हा चिठ्ठीत नाव नाही, चौकात पाऊल नाही.

एका महिन्यात हंड्याचं काम लीकोनच्या वाट्याला आलं. लीकोन जाळी विणायचा. त्याचा बाप जन्मभर वाट पाहून मेला, पण त्याची चिठ्ठी कधी निघाली नव्हती. लीकोनच्या आईने मुलाचं एकुलतं एक उपरणं राखेने धुऊन दिलं, आणि शेजारणींना बोलावून दाखवलं.

त्याच महिन्यात एर्गिनोसचा खटला उभा राहिला. एर्गिनोस वेशीचा पहारेकरी, लीकोनचा भिंतीला भिंत शेजारी, आणि लहानपणापासून तोतरा. समुद्रावरचे लुटारू आले त्या रात्री वेस उघडी होती, माणसं मेली, आणि दोष त्याच्यावर आला. खरं तर वेस उघडायला लावली होती सेनापतीने. त्याची दारू जकात चुकवून आत यायची होती. ती दारू आणणारा नावाडी घाबरत घाबरत का होईना, साक्ष द्यायला तयार झाला होता.

खटल्याच्या सकाळी एर्गिनोसची बहीण मिर्तो कुंपणापाशी आली.

"दादा, तो घाईत अडतो. गाताना बघ, एक अक्षर अडत नाही. पण तिथे गाऊ कोण देणार?"

"त्याने दोन शब्द म्हटले की झालं," लीकोन म्हणाला. "पुढचं नावाडी बोलेल."

"आणि तेच दोन अडले तर?"

"नाही अडायचे," लीकोन म्हणाला, आणि हंडा उचलून निघाला.

सेनापती आधी बोलला. आवाज तुपासारखा. तो दोनदा "पाणी धर" म्हणाला आणि लीकोनने दोनदा बोट ठेवलं. मग हंडा पुन्हा भरला आणि एर्गिनोस उभा राहिला.

"प..." तो म्हणाला. "प... पा..."

"लेकरू बापाला हाक मारतंय!" मागून कोणीतरी ओरडलं. चौक हसला.

"अरे, बोलू द्या त्याला!"

"बोलतोय कुठे? थुंकतोय नुसता!"

नावाडी एका बाजूला उभा होता. त्याने एक पाऊल पुढे टाकलं, तसा न्यायाला बसलेल्या पंचांनी हात वर केला. शब्द आल्याशिवाय साक्ष नाही. एर्गिनोसच्या मानेच्या शिरा फुगल्या. लीकोनने त्याच्या ओठांकडे पाहिलं. तो काय म्हणतोय ते चौकातल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. लीकोनचं बोट भोकाच्या कडेवर गेलं. पंच त्या बोटाकडे पाहत होते. लीकोनला धुतलेल्या उपरण्याचा वास आला, आणि बोट जिथल्या तिथे राहिलं.

धार बारीक झाली. मग थेंब. मग तेही थांबले.

"पाणी धर!" एर्गिनोस म्हणाला. अगदी स्वच्छ, एका दमात.

"आता काय धरायचं, रिकामं मडकं?" कोणीतरी म्हणालं, आणि या वेळी फारसं कोणी हसलं नाही. पण कायदा तो कायदा. खडे टाकून मतं झाली. सूर्य बुडायच्या आत एर्गिनोसला विषाचा पेला दिला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बायका झऱ्यावर आल्या, तर मिर्तो पन्हळीला बोट लावून उभी. पाणी मागे तुंबून दगडांवरून वाहून जात होतं. तिला कोणी बाजूला हो म्हणालं नाही. तिचं बोट बधिर झालं तेव्हा पुढचीने आपलं लावलं, मग तिसरीने. त्या दिवशी गावात झऱ्याचं पाणी गेलं नाही. आजही बायका पाण्याआधी बोट धरतात ते त्या दिवसापासून, असं सांगतात. गावात कोणी बोलताना अडखळला, तर आजही समोरचा म्हणतो, "पाणी धरलंय, बोल."

पाहुणे एवढं ऐकून माना डोलवतात. पण स्तामातिस तिथे थांबत नाही.

त्या सकाळी लीकोनही हंडा घेऊन झऱ्यावर आला होता. त्याचा महिना संपला नव्हता, आणि दुसरा एक खटला लागला होता. मिर्तो पन्हळीशी तशीच उभी होती.

"मिर्तो," तो म्हणाला, "माझं ऐक..."

"बोल ना," ती म्हणाली. "पाणी धरलंय मी. हवा तेवढा वेळ बोल."

लीकोनने पन्हळीवरच्या तिच्या बोटाकडे पाहिलं. मग हंडा खांद्यावर घेऊन डोंगर उतरला, चौक ओलांडून किनाऱ्यावर गेला, आणि गुडघाभर पाण्यात उतरून त्याने तो समुद्राच्या पाण्याने भरला. न्यायालय वेळेवर सुरू झालं.