नऊ माणसांचं वाक्य

"...मग या दोहोंतला कोणता पाठवू, एवढं तरी सांगा."

शिवदेव हणमंते उभाच होता. बुवांनी त्याला दोनदा बसायला सांगितलं होतं. दोन्ही वेळा तो टेकला आणि लगेच उठला.

अनंतबुवा मठाच्या ओसरीत चिंचा फोडत बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

शिवदेव तळवणी दरबाराचा वकील. शेजारच्या राज्यांशी बोलणी, तह, खलिते, सगळं त्याच्याकडे. सात वर्षं तो याच मठात शिकला होता. आपल्यासारखं लिहिणारा तळवणीत दुसरा कोणी नाही, हे त्याला ठाऊक होतं.

प्रश्न रायकोटचा होता.

रायकोट नदीपलीकडचं राज्य, तळवणीच्या चौपट. समुद्राकडून येणारं मीठ त्यांच्याच घाटातून यायचं. गेला महिनाभर त्यांनी घाट बंद ठेवला होता. तळवणीत गुरं गोठ्याच्या भिंती चाटत होती.

कारण होतं अकरा लोहार कुटुंबं. रायकोटच्या राजाने बंड करणाऱ्या शेतकऱ्यांसाठी बेड्या घडवायला सांगितल्या. लोहारांनी नकार दिला. राजाने वस्ती पेटवली. नऊ माणसं जळाली. उरलेले नदी ओलांडून तळवणीत आले.

लोहार परत द्या, घाट उघडतो, असा रायकोटचा निरोप होता.

तळवणीच्या राजाने निर्णय वकिलावर सोपवला. संध्याकाळी नाव सुटणार होती. शिवदेवने दोन खलिते लिहून आणले होते. एकात नकार, एकात होकार.

"पहिला वाचला तेव्हा दरबार उठून उभा राहिला," तो म्हणाला. "शरण आलेल्याला आम्ही परत देत नाही, असं लिहिलंय. रायकोटने काय केलं तेही लिहिलंय, आडपडदा न ठेवता."

"आणि दुसरा?"

"दुसरा मी कोणाला वाचून दाखवला नाही."

"हं..."

"बुवा, नाव सुटेल."

"ते लोहार कुठे उतरलेत?"

"नदीकाठी, बाभूळबनात."

"भेटलास त्यांना?"

"नाही. माझं काम लिहिण्याचं."

बुवांनी हात झटकले, काठी घेतली आणि चालू लागले. शिवदेवला मागोमाग जावं लागलं.

बाभूळबनात एक भाता चालू होता. झाडाला झोळी बांधली होती आणि एक बाई ती पायाने झुलवत विळ्याला धार लावत होती. पन्नाशीची असेल. तिचं नाव साळूबाई. तिचा नवरा त्या वस्तीचा म्होरक्या होता. तो जळालेल्या नऊ जणांत होता.

बुवा खाली मातीत बसले. शिवदेवही बसला.

"हे दरबाराचे वकील," बुवा म्हणाले. "तुमच्याबद्दल लिहिलंय यांनी. ऐकाल का?"

साळूबाईने विळा बाजूला ठेवला.

शिवदेवने पहिला खलिता वाचला. आवाज चांगला लागला होता. भाता थांबला, चार माणसं येऊन उभी राहिली. वाचून झाल्यावर त्याने मान वर केली.

"लई चांगलं लिवलंय," साळूबाई म्हणाली. "यात आमचं काय हाय?"

"सगळं तुमचंच आहे."

"यात तुमच्या राजाचं मोठेपण हाय. आमच्या राजाला शिव्या हायेत. त्यो चिडंल. घाट उघडायचा न्हाई." ती झोळीकडे बघत होती. "काल हितली एक बाई आली हुती. म्हणाली, तुमच्यापायी आमची म्हस मेली. आजून दगड न्हाई मारला तिनं. पुढच्या म्हयन्यात मारंल. तवा ह्यो कागद आमी कुणाला दावायचा?"

शिवदेवने कागद गुंडाळला.

"दुसरा वाच," बुवा म्हणाले.

"तो इथे नको."

"वाच."

त्याने दोन ओळी वाचल्या. तिसरीला थांबला. झोळीतलं मूल कुरकुरलं, तिने पाय हलवला.

"नुसतं गडी द्याचं लिवलंय का बायापोरं धरून?" साळूबाईने विचारलं. बाजारातली वस्तू विचारावी तसं विचारलं.

शिवदेवने कागदाकडे पाहिलं. त्यात फक्त लोहार असा शब्द होता. याचा त्याने विचारच केला नव्हता.

तो उठला. दहा पावलं नदीकडे गेला, परत आला. पुन्हा गेला.

"तुम्हाला सोपं आहे, बुवा," तो परतून म्हणाला. "तुमच्यामागे राज्य नाही. धर्म पाळला तर गाव मरतं. गाव राखलं तर ही माणसं मरतात. तुम्ही नुसते बसून बघताय."

"रायकोटला लोहार कशाला हवेत?" बुवांनी विचारलं.

"बेड्यांसाठी. आणखी कशाला?"

"बेड्यांचं ऱ्हाऊ द्या," साळूबाई मध्येच म्हणाली. "पेरणी आली. तिकडं नदीकाठच्या मुलखात आमच्या अकरा घरांबिगर लोहार न्हाई. नांगराला फाळ कोण बशिवणार? घोड्याला नाल मारायला माणूस ऱ्हायला न्हाई. राजाच्या डोळ्यात पाणी आलं आसंल आता."

शिवदेव थांबला.

"फाळ इथे केले तर?" त्याने हळूच विचारलं. "इथे घडवायचे आणि नावेतून पलीकडे पाठवायचे. फाळ आणि नाल. बेड्या नाहीत."

साळूबाईने मागे उभ्या असलेल्या माणसांकडे पाहिलं. एकाने मान हलवली.

"करू," ती म्हणाली. "नांगरानं आमचं काय वाकडं केलंय?"

शिवदेव तिथेच मांडी घालून लिहायला बसला. ऊन उतरत होतं. शरण हा शब्द त्याने लिहिला आणि खोडला. शरण म्हटलं तर रायकोटचा राजा अत्याचारी ठरतो. त्याने लिहिलं, हे कारागीर तळवणीत कामाला आहेत. त्यांच्या हातचं काम दोन्ही राज्यांनी वाटून घ्यावं. घाट उघडा असावा.

मग हात थांबला.

"त्या नऊ जणांचं वाक्य..." तो बुवांना म्हणाला. "ते ठेवलं तर हा खलिता फाडला जाईल. काढलं तर..."

"मला काय विचारतोस?"

शिवदेवने साळूबाईकडे पाहिलं. विचारायला त्याला फार वेळ लागला. आयुष्यभर शब्दांवर जगलेल्या माणसाला त्या क्षणी साधा प्रश्न जुळवता येईना.

"वस्ती जाळल्याचं... ते यात न लिहिलं तर चालेल का?"

भात्याजवळचा एक तरुण तोंड फिरवून निघून गेला.

साळूबाई बराच वेळ विळ्याच्या पात्यावरून अंगठा फिरवत राहिली.

"नका लिवू," ती म्हणाली. "पर आमी इसरलो, आसंबी लिवू नका."

नाव सुटायला आली तेव्हा शिवदेव धावत नदीवर पोहोचला. खलित्याची शाई पुरती वाळली नव्हती.

रायकोटने अठरा दिवस उत्तर दिलं नाही. ते दिवस शिवदेवने कसे काढले ते त्याच्या बायकोला माहीत. तो जेवताना उठायचा, बोलताना थांबायचा. एकोणिसाव्या दिवशी घाट उघडला. मिठाच्या गोणी लादलेले बैल उतरले आणि लोकांनी बैलांना ओवाळलं. बाभूळबनात आता पाच भाते चालू झाले. तळवणीच्या राजाने भर दरबारात शिवदेवला शेला दिला.

त्यानंतर महिन्याभराने, एका सकाळी, तो मठात आला.

अंगावर साधं धोतर होतं. शेला घडी करून हातात धरला होता. तो त्याने बुवांच्या पायाशी ठेवला.

"मला इथे ठेवून घ्या."

बुवांनी शेल्याला हात लावला नाही.

"काय झालं?"

"रायकोटचा वकील आला होता, तह पक्का करायला. त्याने मला मिठी मारली. मीही मारली. त्याच्या खांद्यावरून मला साळूबाई दिसली. फाळ मोजून द्यायला आली होती ती. मला लाज वाटू नये म्हणून तिने मान खाली घातली." त्याने शेल्याची घडी उगाच सारखी केली. "बेड्या आता त्यांना दुसरीकडून मिळतात म्हणे. शेतकऱ्यांचं जे व्हायचं ते चाललंच आहे. आणि मी त्यांना लिहितो, आपला स्नेह असाच वाढावा."

"मीठ येतं ना?"

"येतं."

"लोहार?"

"सुखात आहेत. म्हणजे... आहेत."

"मग?"

"मी रोज त्या नऊ जणांबद्दल एक खलिता लिहितो आणि फाडतो. आज पाठवावा तर घाट बंद होईल. न पाठवावा तर बसवत नाही. जेवण जात नाही. बरोबर केलं की चूक, तेही कळत नाही. मला हे पद नको, बुवा. मला थोडी शांतता द्या."

अंगणात कोणीतरी झाडत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

"तू सोडलंस तर तुझ्या जागी कोण येईल?"

"माझ्या हाताखालचा चिमणाजी येईल. हुशार आहे. हिशेबी आहे. त्याला असलं काही होत नाही. शांत झोपतो."

बुवांनी शेला उचलला. घडी मोडली आणि तो त्याच्या खांद्यावर नीट घातला.

"ऊठ," ते म्हणाले. "दरबार भरायची वेळ झाली."