पाथरवटाचा भोपळा

एका गावात एक पाथरवट राहायचा, गेनबा नावाचा. जाती-पाटे घडवण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता, आणि हे तो स्वतःच साऱ्या गावाला सांगत फिरायचा.

त्याची एकुलती एक लेक शेवंती. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी यायची होती. तिने सासरहून निरोप धाडला, “बाबा, मला भोपळ्याचे घारगे खावेसे वाटतात. पण भोपळा आपल्या परसातलाच हवा हं!”

झालं! परसात तर नुसते धोंडे. पण लेकीचे डोहाळे म्हटल्यावर गेनबा पहार घेऊनच उठला. त्याने धोंडे उपटले, नदीकाठची माती पाट्या भरभरून वाहिली, बी लावलं, खांद्यावरून पाणी आणून घातलं. वेल असा फोफावला की बघत राहावं.

“देवाला दोन फुलं तरी वाहा हो,” बायको म्हणाली.

“का? पहार काय देवाने चालवली?” गेनबा गुरगुरला. “मी घाव घातला, म्हणून झालं.”

वेलाला पिवळीधमक फुलं आली आणि शेजारच्या तुळसाक्काच्या झेंडूवरच्या मधमाश्या इकडेही येऊ लागल्या. गेनबाचं डोकंच फिरलं. “घाम मी गाळायचा आणि मध या फुकट्यांनी खायचा?” फुलं उमलली की तो गोवरीवर कडुनिंबाचा पाला टाकून धूर करी. माश्या पळत आणि बायको खोकत बसे. तुळसाक्कालाही त्याने बजावलं, “तो झेंडू उपटून टाक!” ती नुसती हसली.

पुढे काय व्हायचं ते झालं. फुलाखाली इवलासा भोपळा दिसायचा आणि दोन दिवसांत पिवळा पडून गळायचा. गेनबाने खत घातलं, आणखी पाणी घातलं. पण एकही फळ टिकेना. उद्या लेक येणार, आणि घरात भोपळ्याची फोडसुद्धा नाही! बिचारा डोक्याला हात लावून बसला.

तेवढ्यात त्याला दिसलं, वेलाचा एक शेंडा कुंपणातून पलीकडे गेलाय. तो त्याच्या मागोमाग गेला. तुळसाक्काच्या गोठ्यामागे चांगला घागरीएवढा भोपळा! अक्का नदीवर गेली होती. “वेल माझा, म्हणजे भोपळाही माझाच,” म्हणत गेनबाने विळा उचलला.

आणि थांबला. भोपळा कुजू नये म्हणून खाली कुणीतरी पेंढा घातला होता. उन्हासाठी वर झावळी टेकवली होती. माती ओली होती. शेजारच्या फुलातून एक मधमाशी अंगभर पिवळी होऊन बाहेर आली आणि दुसऱ्या फुलात शिरली. इथे माश्यांना कुणी हाकललं नव्हतं, आणि भोपळा धरला होता तो इथेच. गेनबाने विळा खाली ठेवला आणि अक्काची वाट पाहत बसला.

ती आल्यावर तो म्हणाला, “अक्का, मागायला तोंड नाही मला. पण लेकीसाठी मागतो.”

“अरे खुळ्या, माशी बसल्याशिवाय भोपळा धरतोय होय?” तुळसाक्का म्हणाली. “आणि तो मी तुझ्यासाठी राखलाच नव्हता मुळी. शेवंतीसाठी राखलाय. ती काय एकट्या तुझीच लेक आहे?”

गेनबाला रडूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी घारगे झाले. पहिला देवापुढे ठेवला आणि गरम गरम ताटली तुळसाक्काकडे गेली. शेवंती खाता खाता म्हणाली, “बाबा, एवढा गोड भोपळा तुम्ही पिकवलात?”

सवयीने गेनबाने छाती पुढे काढली. मग खिडकीतून वेलावरच्या माश्यांकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, “माझाही हात लागला, पोरी.”

कढईपाशी बसलेल्या बायकोने चमकून नवऱ्याकडे पाहिलं. तेवढ्यात एक घारगा करपला, आणि तोही गेनबाने आनंदाने खाल्ला.

तात्पर्य: कष्टात कसूर करू नये; आणि फळ पदरात पडलं की आपल्या हाताशिवाय आणखी कुणाकुणाचे हात लागले ते आठवून नमस्कार करावा.