चेअर कशाला म्हणतात

किती वेळा सांगायचं हे? सून ऐकत नाही, म्हणून लिहितो.

नात सगुणाला इंग्रजी शाळेत घालायला नेलं. संस्थेचा अध्यक्ष खुर्चीत, आम्ही दोघं त्याच्यापुढं उभे.

"चेअर म्हणजे काय गं?"

"बसतात ती."

"बसायला दगडही चालतो! नीट सांग, नाहीतर प्रवेश नाही."

पोरीनं त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्या थरथरत्या गुडघ्यांकडं.

"दगडावर बसलेला माणूस दुसरा आला की सरकून जागा देतो. जिच्यावर बसलेला सरकत नाही, ती चेअर."

अध्यक्षानं टोपी काढली, पुन्हा घातली आणि गुपचूप प्रवेशाच्या कागदावर सही केली.

मला मात्र शेवटपर्यंत 'बसा' म्हणाला नाही. त्याची माफी अजून यायचीय. त्याचं नाव लिहून ठेवा: दादासाहेब गव्हाणे.