शनवारची होडी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. वेलखारच्या म्हाताऱ्यांना विचारलंत तर प्रत्येक जण आपल्या आजोबांच्या आजोबांपासून मोजायला लागतो आणि कुणाचंच उत्तर दुसऱ्याशी जुळत नाही. तेव्हा खाडीवर पूल नव्हता. अलीकडे वेलखार, पलीकडे डोंगरी, आणि मधे पाणी. त्या पाण्यावर एकच तर, म्हणजे माणसं पार नेणारी होडी, चालायची आणि ती मलकाबाई चालवायची.

मलकाबाई बेने इस्राएलांतली, म्हणजे आपल्या कोकणातल्या यहुद्यांतली. गावात त्यांची नऊ घरं होती. आठ घरं तेलाचे घाणे चालवायची आणि शनवारी घाण्याचा बैल मोकळा सोडायची, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. मलकाबाईचा नवरा तेवढा पाण्याच्या नादी लागला होता. तो गेला आणि वल्हं तिच्या हाती आलं. असं म्हणतात, की तिच्या दंडाला दोन गडी लोंबकळले तरी हात खाली येत नसे. आमचं गाव थोडं वाढवून सांगतं, पण फार नाही.

आणि असंही म्हणतात, की या लोकांचं गलबत कधीकाळी आपल्याच किनाऱ्यावर फुटलं होतं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. पुस्तकं बुडाली, हळूहळू भाषा विसरली, शिकवायला कुणी उरलं नाही. हाती राहिलं ते थोडकंच: खवल्याचाच मासा खायचा, मुलाची आठव्या दिवशी सुंता करायची, आणि शनवार पाळायचा. शिवाय एक ओळ, ‘शेमा इस्राएल’. जन्म असो, लग्न असो, मयत असो, तीच ओळ. तिचा पुरता अर्थ कुणाला सांगता येत नसे, पण ती म्हटली की तो वरचा ऐकतो, एवढं पोरासोरांनाही ठाऊक होतं.

मलकाबाईचा शनवार शुक्रवारी उन्हं उतरता उतरता सुरू व्हायचा. होडी खुंट्याला दुहेरी गाठ मारून बांधायची, घरी येऊन हातपाय धुवायचे, दिवा लावायचा. मग दुसऱ्या दिवशी आभाळात तीन चांदण्या दिसेपर्यंत ती वल्ह्याला शिवत नसे. एकदा खोतांचं वऱ्हाड शनवारी दुपारी धक्क्यावर येऊन उभं राहिलं. वाजंत्री, नवरदेव, सगळा लवाजमा. खोत गरजले, “मलके, होडी सोड!” ती उंबऱ्यावरूनच म्हणाली, “खोतसाहेब, सावलीला बसा. चांदण्या दिसल्या की पहिली फेरी तुमची.” खोत पाय आपटून दमले आणि शेवटी नवरदेवासकट आंब्याखाली आडवे झाले. या गोष्टीला वेलखार अजून हसतं, आणि हसताना छातीही पुढे काढतं.

पण जिच्यामुळे मलकाबाईचं नाव राहिलं ती गोष्ट याच्या पुढची आहे.

नारळी पौर्णिमा होऊन दोनच दिवस झाले होते. कोळ्यांच्या झाडून साऱ्या होड्या समुद्रात गेलेल्या. शनवारची दुपार होती आणि ओहोटी जोरात लागली होती. ओहोटीला त्या खाडीचं पाणी असं ओढतं, की नवख्याची होडी पलीकडे न जाता थेट समुद्रात जावी. अशा वेळी जानू कोळीण ऊर बडवत मलकाबाईच्या दारात आली. तिची सून दोन दिवस अडली होती, आणि सुईण होती पलीकडे डोंगरीला.

“मलकाबाय, माजे सुनेला वाचव गो! तुजे पाया परतंय!”

मलकाबाई उठून उभी राहिली आणि उभीच राहिली. खोतांना नाही म्हणताना तिची जीभ अडखळली नव्हती. ही गोष्ट वेगळी होती. आवाज ऐकून आठही घरांतले लोक जमले, आणि पुढे आले जमातीचे मुकादम इसाजी. वयाने मोठे, शब्दाला मान असलेले. लग्न त्यांच्या शब्दाने जुळायचं आणि भांडण त्यांच्या शब्दाने मिटायचं.

“मलके, आज शनवार आहे,” ते म्हणाले.

“दोन जीव आहेत, इसाजीकाका.”

“मला काय दिसत नाही? माझंही काळीज तुटतं, पोरी. पण आपल्याजवळ राहिलंय काय? पुस्तक नाही, मंदिर नाही. हा एक दिवस आहे म्हणून आपण आपण आहोत. तो तू मोडलास, तर उद्या तेलाच्या गिऱ्हाइकासाठी कुणी मोडेल, परवा सगळेच मोडतील. मग आपण कोण?”

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि मलकाबाईला ते पुरतं पटत होतं. हीच तर पंचाईत होती. देवाला विचारावं तर त्याचं पुस्तक समुद्राच्या तळाशी, आणि सांगणारा माणूस सगळ्या मुलखात नाही. तिला भीती वाटली. आपल्या हातून मोडलं तर तो आपल्याला आपलं म्हणेल का, आणि ही माणसं म्हणतील का? मग ती इसाजींना म्हणाली, “काका, शनवार ज्याने दिला त्यानेच त्या पोरीच्या पोटी जीव घातला. त्याला काय हवंय ते मला कळत नाही. पण तो वाईट नाही, एवढं मला ठाऊक आहे. मी त्याच्यावर सोडून जाते.”

शुक्रवारची गाठ पाण्याने फुगून घट्ट झाली होती. सुटेना. मलकाबाईने कोयत्याने दोर तोडला, आणि असं म्हणतात, की तो तुटताना आठही घरांतल्या बायकांनी कानांवर हात ठेवले. तिने पदर खोचला, ‘शेमा इस्राएल’ म्हटलं आणि होडी पाण्यात लोटली.

पुढचं मी पाहिलेलं नाही, पण सुईण मरेपर्यंत शपथेवर सांगायची. परतताना होडी मध्यावर आली आणि ओहोटी थांबली. अख्ख्या खाडीचं पाणी परातीत ओतून ठेवल्यासारखं गप्प राहिलं. मलकाबाईने वल्हं मारलं की होडी दहा हात पुढे जायची. काठावरच्या बायांनी सुईणीला हात देऊन उतरवलं, आणि तिचा पाय चिखलाला लागताच पाणी पुन्हा ओढायला लागलं. भरती-ओहोटीची वेळ सांगणारे शहाणे म्हणतील असं होत नसतं. न होऊ दे. जानूला नात झाली आणि सूनही वाचली, हे तर त्यांनाही कबूल करावं लागेल.

कोळीवाड्यात त्या संध्याकाळी ढोलकी वाजली. शनवार तेल्यांच्या आळीत मात्र जमात बसली. इसाजींनी निवाडा केला: यापुढे मलकाबाईच्या घरी मलिदा जाणार नाही. मलिदा म्हणजे एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने केलेले गूळ-खोबऱ्याचे पोहे. नवस असो की कार्य, ते ताट घरोघर जायचं. ते ज्याच्या दारावरून पुढे गेलं तो जमातीबाहेरचा. मलकाबाई वाद घालायला गेली नाही. पुढच्या शुक्रवारी उन्हं उतरता उतरता तिने नवा दोर दुहेरी गाठ मारून बांधला, घरी येऊन हातपाय धुतले आणि दिवा लावला.

अकरा वर्षं ताट तिच्या दारावरून पुढे गेलं. दर वेळी तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, खोटं कशाला बोला! जानूने एकदा विचारलं, “माजेमुले तुजा देव तुज्यावर रागावला का गो?” मलकाबाई म्हणाली, “रागावला असेल तर सांगेल. सांगेपर्यंत मी त्याचीच.”

बाराव्या वर्षी दूरच्या मुलखातला एक म्हातारा यहुदी गलबतातून उतरला. तो पुस्तक शिकलेला होता. आपल्या धर्माचे लोक इथे घाणे चालवतात आणि शनवारी थांबतात हे ऐकून तो रडला, मग इसाजींच्या ओटीवर बसून एकेक विचारू लागला. दुभाष्या सांगत होता, इसाजी उत्तरं देत होते. शेवटी इसाजींनी मान खाली घालून सांगितलं, की आमच्यात एकीने शनवार मोडला. कसा, तेही सांगितलं.

म्हातारा ताडकन उठला. “मोडला? अहो, तिने तो पाळला! जीव जात असेल तर शनवार बाजूला ठेवायचा, अशी आमच्या शहाण्यांची आज्ञा आहे. आणि ते काम परक्याकडून किंवा लहानाकडून करवायचं नाही. जमातीतल्या सगळ्यात जाणत्या माणसाने स्वतः करायचं, म्हणजे कुणाच्या मनात शंका राहत नाही. हे तिला कुणी शिकवलं?”

“कुणीच नाही,” इसाजी म्हणाले. “म्हणजे होडी मी सोडायला हवी होती.”

त्या दिवशी वेलखारने एक गोष्ट पाहिली, जी आजवर कुणी पाहिली नव्हती. बायका घेऊन जातात ते मलिद्याचं ताट स्वतः मुकादमांनी डोक्यावर घेतलं आणि मलकाबाईच्या दारात नेलं. ती म्हणाली, “काका, आत या, बसून खाऊ.” अकरा वर्षांबद्दल तिने एक शब्द काढला नाही. आणि पुढचा शनवार उजाडला तेव्हा सत्तरीचे इसाजी धक्क्यावर जाऊन बसले. चांदण्या दिसेपर्यंत बसले. कुणी अडलं असतं तर होडी तेच सोडणार होते, वल्हं धरायला येत नव्हतं तरी.

मलकाबाई गेली, इसाजी गेले. शनवार तेल्यांची घरं एकेक करून मुंबईला गेली, तिथून इस्राएलला गेली. आज वेलखारात यहुद्यांचं एकही घर नाही. खाडीवर पूल आहे, तरीही होडी चालते; पण शनवारी ती बंद म्हणजे बंद, कोळी असो की आगरी, कुणी वल्ह्याला हात लावत नाही. फक्त धक्क्यावर एक होडी मोकळी असते, आणि तिच्याशेजारी गावातला जाणता माणूस पाळीने बसतो. कधी सरपंच, कधी शाळेचे हेडमास्तर, कधी देवळाचा गुरव. काम दुसऱ्यावर ढकलायचं नाही, स्वतः उठायचं.

गेल्या पावसाळ्यात पूल पाण्याखाली गेला. शनवार होता. आदिवासी वाडीतली एक बाई अडली होती. त्या दिवशी पाळी होती सरपंच सुलभाताई म्हात्रे यांची. त्यांनी पदर खोचला, आपल्याला नीट येत नसलेली ‘शेमा इस्राएल’ची ओळ जमेल तशी म्हटली, आणि होडी सोडली.