बेहड्याच्या टेकडीवरचं मधलं घर

एक होतं जंगल. जंगलात बेहड्याची टेकडी, टेकडीवर नऊ घरं, आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्या गुहेत राजा. राजा अस्वल होता, नाव झिपरेमहाराज. मोहफुलांचं सरकारी कोठारही त्याच गुहेत होतं, म्हणजे लक्ष ठेवायला बरं पडे.

कायदा मोठा दयाळू होता. ज्या टेकडीची घरटी कमाई वर्षाला दहा टोपल्या मोहफुलांच्या आत, तिथं पावसाळ्याच्या बेगमीला प्रत्येक घरी पाच टोपल्या कोठारातून मिळायच्या. गेल्या साली सगळ्यांची कमाई एकत्र करून नवांनी भागली. महाराजांच्या एकट्याच्या नऊशे टोपल्या असल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला शंभरावर सात आल्या. उंदरीणबाईंनी बिळात तीनतीनदा शोधल्या, पण सापडल्या नाहीत. मग अशी ओरड झाली म्हणता, की महाराजांची झोपमोड झाली.

यंदा पाहणीला खवलेसाहेब आले. जातीचे खवलेमांजर, अडचणीचं काही विचारलं की अंगाचा गोळा करून पडायचे. म्हणाले, "भागाकार बंद! कमाईप्रमाणे रांगेत उभे राहा. बरोब्बर मधलं घर जेवढं कमावतं, तेवढी टेकडीची कमाई."

उंदरीण एक टोपली, खार दोन, साळिंदर चार, मुंगूस सहा. मग भुरकोजी ससा, आठ टोपल्या. त्याच्यापुढं मोर अकरा, वानर चौदा, तरस एकोणीस आणि शेवटी महाराज. मधला कोण? भुरकोजी! आणि आठ म्हणजे दहाच्या आत. घरी चार पिल्लं, बेगमी संपत आलेली. भुरकोजीनं तिथल्या तिथं दोन उड्या मारल्या.

संध्याकाळी साहेब हार घेऊन त्याच्या दारात. "भुरकोजीराव, टेकडीचा चेहरा आहात तुम्ही! फक्त या कागदावर पंजा उमटवा."

"कसला कागद, साहेब?"

"उंदरीणबाईंच्या बिळाला दार नाही. दार नाही ते घर कसलं? आणि खार राहते झाडावर, टेकडीशी तिचा संबंध काय? दोन्ही नावं कमी करतोय. तुमच्या खालचे दोन गेले की तुम्ही वर सरकलात!"

वर सरकायचं म्हटल्यावर कुणाला नको असतं हो? भुरकोजीनं पंजा उमटवला, वर शाईसुद्धा नीट पसरवली.

"अहो," त्याची बायको पांढरी म्हणाली, "खालून पाचवे होतात, आता तिसरे झालात. वर कुठं सरकलात?"

भुरकोजीनं बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. बाई खरं बोलत होती. सात घरांत मधला आता मोर, अकरा टोपल्या. सकाळी नगारा वाजला: "टेकडी सुधारली! बेगमी बंद!"

भुरकोजी धावत मोराकडे गेला. "मोरभाऊ, कागद आला तर पंजा उमटवू नका. मी गाढवपणा केला. पिल्लं उपाशी मरतील माझी!"

"जळतोस माझ्यावर," मोर पिसारा सावरत म्हणाला. हार त्याच्या गळ्यात पडलाच होता. साळिंदराच्या अंगावर काटे, म्हणून ते कुटुंब नव्हे, टोळी ठरलं. मुंगूस दिवसभर बाहेर असतो, म्हणून तो पाहुणा ठरला. मोरानं दोघांवर पंजा उमटवला आणि मधलं घर वानराचं झालं.

वानरानं ससा आणि मोर दोघांना उडवलं. कारण विचारायलाही तो थांबला नाही. मग मधला आला तरस. त्यानं हसत हसत वानराला उडवलं, आणि खाली आणखी एक नाव होतं तेही उडवलं. ते त्याचंच होतं, पण वाचायची सवय कुणाला?

आता रांगेत एकच घर उरलं, आणि मोजायची पद्धत काही बदलली नव्हती. दुसऱ्या दिवशी झिपरेमहाराज खडकावर उभे राहिले, डोळे पुसले आणि म्हणाले, "बंधूंनो, भगिनींनो! कोण राजा? कसला राजा? मी तर एक साधा मध्यमवर्गीय! यंदा मध्यमवर्गाला दिलासा देणारच, हा माझा शब्द आहे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. बेगमीच्या साऱ्या टोपल्या कोठाराच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेल्या.

टाळ्या थांबल्यावर भुरकोजी पुढं झाला. भीती होती, पण घरी पिल्लं सकाळपासून रडत होती. "साहेब, माझ्या पाच टोपल्या? आम्ही आठ घरं उभी आहोत इथं."

खवलेसाहेबांनी या वेळी अंगाचा गोळा केला नाही. त्यांनी यादी उघडली, पहिलं पान पाहिलं, दुसरं पान नव्हतंच. "टेकडीवर एकच कुटुंब आहे," ते शांतपणे म्हणाले. "तेव्हा ही एवढी गर्दी बाहेरून कुठून आली, याची उद्यापासून चौकशी सुरू."