प्याल्यावरचं नाव

“मिस्सेचा प्याला मी देतोय, तर त्याच्या तळाशी नावही माझंच कोरायचं!” बास्त्याव भर पाहुण्यांत गरजला.

पुतण्या आंद्रू नवा फादर झाला होता. रविवारी चर्चमध्ये त्याची पहिली मिस्सा, म्हणजे द्राक्षारसाचा प्याला उचलून करायची उपासना. त्याची विधवा आई रेजिना मात्र हटून बसली होती, की नाव दुमिंगचंच, आंद्रूच्या बापाचं. हा दुमिंग बास्त्यावचा सख्खा भाऊ. बास्त्यावच्याच होडीवर राबताना बुडाला, आणि हा मेला बास्त्याव त्याच्या मयतालाही फिरकला नाही!

वर दात काढून म्हणतो, “मेलेल्याला नाव कशाला गं?”

रेजिना म्हणाली, “भावजी, आपल्याकडे प्याल्यावर मयताचंच नाव कोरतात, तुमचं कोरा खुशाल, रविवारपासून माझा लेक रोज मिस्सेत तुमच्या आत्म्याला चिरशांती मागेल.”