हुंगणारा गेला तेव्हा

माळावरच्या एका वारुळाला फार वर्षांपूर्वी एकच दार होतं. दारात बसलेला मुंगळा प्रत्येक दाणा हुंगायचा, मगच तो आत जायचा. कारभार राही मुंगीकडे आला आणि तिने मुंगळ्याला घरी बसवून नवी दारं पाडली. "आता वाटेल तिथून या, वाटेल तो दाणा आणा!"

सकाळी पाहते तर जुन्याच दारापुढे रांग! शेजारच्या वारुळातल्या मुंग्या खळ्यावरची ज्वारी भराभर नेत होत्या, आणि हिच्या मुंग्या एकेक दाणा धरून ताटकळत उभ्या. राही रांगेच्या कडेने धावत सुटली. "अगं, कोणाची वाट बघताय?"

"हुंगणाऱ्याची," म्हातारी ठकू मुंगी म्हणाली.

"हुंगणं बंद झालं ना!"

"झालं की, बाई. पण काल गोदीने स्वतःच्या अकलेने आणलेला दाणा किडका निघाला, तेव्हा तुम्ही चारचौघींत तिची खरडपट्टी काढलीत."

राही धावता धावता थबकली, ती नेमकी मुंगळ्याच्या जागेवर. पहिल्या मुंगीने लगेच आपला दाणा तिच्या नाकापुढे धरला.